पाणी आली

पावणेसहाला नळ खोकला. आधी घसा खाकरल्यासारखा कोरडा आवाज, मग हवेचा लांब सुस्कारा, मग तांबूस पाण्याची एक थुंकी, आणि पुन्हा शांतता. मोक्रान तोवर उठून स्वयंपाकघरात येऊन उभा होता. त्या उन्हाळ्यात धरणे तळाला गेली होती आणि अल्जीयर्सच्या बाब-अल्-वाद वस्तीतल्या त्यांच्या जुन्या पाच मजली इमारतीत पाणी दिवसाआड, पहाटे दोन तास येई. कामाचा क्रम ठरून गेला होता. पहिले गंजके पाणी बादलीत, ते संडासासाठी. रंग निवळला की पिण्याचे दोन डबे. मग न्हाणीघरातला हौद, मग पातेली, आणि सर्वांत शेवटी बाल्कनीतले निळे पिंप. या पिंपाच्या तळाशी एक हिरवट, बुळबुळीत थर साचत असे आणि दर आठवड्याला खांद्यापर्यंत हात घालून तो खरवडण्याचे काम मोक्रानकडे होते. आज ती पाळी होती. नखांत शिरलेला तो मऊ थर त्याने साबणाने दोनदा धुतला, बोटे नाकाशी नेली, आणि तिसऱ्यांदा धुतली. हसिबाने, त्याच्या बायकोने, कॉफीत दूध ओतले. त्यावर लगेच साय धरली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निहाद, त्याची अठरा वर्षांची मुलगी, एका हातात पावाचा तुकडा आणि दुसऱ्या हातात वही घेऊन मोठ्याने पाठ करीत होती. बारावीची परीक्षा आठ दिवसांवर आली होती. “सजीव बाहेरचं अन्न आत घेतो,” ती म्हणत होती, “त्याचे बारीक तुकडे करतो, आणि त्या तुकड्यांपासून स्वतःसारखाच पदार्थ घडवतो. याला सात्मीकरण म्हणतात. जे सात्म्य होत नाही ते बाहेर टाकलं जातं.” बोलताना तिच्या गालात पावाचा लगदा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात होता. मोक्रानने नजर दुसरीकडे वळवली, पाव कॉफीत बुडवला आणि तोंडात टाकला.

तेवढ्यात जिन्याच्या पोकळीतून, वरच्या मजल्यावरून आवाज आला.

“पाणी आली! अगं बायांनो, पाणी आली!”

आवाज म्हातारा होता, पण उघड्यावर वाढलेला होता. एका उतारावरून दुसऱ्या उतारावर हाक मारण्याची सवय असलेला. पाचव्या मजल्यावरच्या बलाइदची आई, तसादित, नवरा वारल्यावर नुकतीच गावाहून येथे आली होती. तिने वापरलेले शब्द शहराच्या अरबीतलेच होते. चूक मात्र डोंगराची होती. तिकडच्या डोंगराळ मुलखातल्या कबाइली बोलीत पाणी कधी एकटे नसतेच. त्याला एकवचन नाही. तेथे पाणी येतात, पाणी आटतात, हिवाळ्यात पाणी गोठतात आणि उन्हाळ्यात पाणी गोड लागतात. त्या बोलीत वाढलेले माणूस अरबी बोलू लागले, की सगळे काही जमले तरी पाणी त्याला दगा देते. ही चूक दुसरे कोणी करूच शकत नाही. मोक्रानने ती या जिन्यात चाळीस वर्षांत ऐकली नव्हती.

निहाद हसली. आधी नाकातून एक लहानसा श्वास सुटला, मग वरचा ओठ वर सरकून हिरडी दिसली, आणि मग आवाज आला. हे हसू मोक्रानच्या ओळखीचे होते. ते त्याचेच होते. मुलगी त्याच्यासारखी दिसत नव्हती. रंग, केस, चालणे सगळे हसिबाच्या माहेरचे होते. हे एवढेच तिने त्याच्याकडून घेतले होते. ती उठली, दार उघडून जिन्याच्या कठड्यावर वाकली आणि वर बघत ओरडली, “मावशी, पाणी एकच असतं! ‘आलं’ म्हणा, ‘आलं’!”

“अगं असू दे,” पहिल्या मजल्यावरून झुलिखामावशीने साथ दिली. “किती आली ते मोजू दे तिला! चार आली की पाच आली, विचार!”

दोनतीन दारांतून हसू उतरत आणि चढत गेले. त्यात वाईटपणा नव्हता. सकाळी सहाच्या आत, हातात बादल्या असताना, माणसे जेवढी हसतात तेवढेच ते होते. मग वर कुठे तरी एक दार, आवाज न करण्याची काळजी घेत, लागले. मोक्रानच्या तोंडात पावाचा घास होता. तो भिजला होता, चावून झाला होता, गिळायचा तेवढा राहिला होता. आणि तो उतरेना. जिभेखाली त्याचा ओला, कोमट गोळा नुसता बसून राहिला, जणू कोणी दुसऱ्याने चावून त्याच्या तोंडात ठेवला असावा. त्याने तो तळहातावर काढला. करडा, साय लागलेला, दातांच्या खुणा असलेला.

“काय झालं हो?” हसिबा म्हणाली. “शिळा आहे का पाव?”

“नाही.”

“मग?”

“उतरत नाहीये.”

तिने त्याच्या तळहाताकडे पाहिले आणि चटकन कागद पुढे केला. निहाद परत येऊन बसली होती. “शी, बाबा,” ती म्हणाली आणि वहीत डोके घातले. “जे सात्म्य होत नाही ते बाहेर टाकलं जातं.”

कचेरीकडे चालत जाताना समुद्राच्या बाजूने येणारा वारा मासळीच्या पेट्यांचा वास घेऊन येत होता. एरवी हा वास त्याच्या ध्यानीही येत नसे. आज तो त्याच्या घशाशी येऊन थांबला. त्याला आठवू नये असे काही विशेष नव्हते. त्याने ते विसरायचेही कधी ठरवले नव्हते. ते फक्त त्याच्या अंगी लागून गेले होते. त्याच इमारतीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर, तो नऊ वर्षांचा असताना बंदरात हमाली करणाऱ्या बापाने गावाहून बायकोला आणि त्याला आणले होते. त्याच्या आईचे, येम्माचे, नाव जेजिगा. तेव्हाही पाणी दिवसाआडच येई, आणि त्याची येम्मा सगळ्यांच्या आधी उठत असल्यामुळे सगळ्यांच्या आधी तिलाच कळे. गावात झऱ्याला धार आली की पहिल्या बाईने बाकीच्यांना हाक मारायची असते. हाक न मारता एकटीने भरून घेणे म्हणजे चोरी. म्हणून ती झग्याला हात पुसत बाहेर येई आणि जिन्यात ओरडे, “पाणी आली!” इमारत हसे. बादल्या घेऊन धावे आणि हसे. आठवड्याभरात इमारतीने तिचे नाव पाणीआली ठेवले आणि महिन्याभरात शाळेने त्याचे. “ए पाणीआलीच्या!” मधल्या सुट्टीत पोरे ओरडत. “घरी किती पाणी आहेत रे? काका पाणी, काकू पाणी?” आणि त्याच्या सदऱ्याला ऑलिव्हच्या तेलाचा वास येतो म्हणून नाक दाबत. येम्मा सकाळी तेलात बुडवलेली सुकी अंजिरे खायला देई. तो ती घेई आणि जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, भिंतीच्या फटीत कोंबून ठेवी. पुढे त्या फटीला मुंग्या लागल्या, मग बुरशी. एके दिवशी त्याने बोट घातले तेव्हा आत काळा, गोडसर, लिबलिबीत चिखल होता आणि त्यात काहीतरी वळवळत होते. त्यानंतर अंजीर त्याने तोंडात घातले नाही.

शाळेतले गुरुजी चांगले होते. त्याला आजही तसेच वाटत होते, आणि हेच त्याला अधिक अवघड जात होते. त्यांनी त्याला कधी मारले नाही. डोंगराकडच्या मुलांची जीभ ‘त’ म्हणताना दातांच्या मध्ये येते. तिथल्या बोलीत ती तशी यावीच लागते. गुरुजी जवळ बसत, पेन्सिलीचे मागचे टोक त्याच्या तोंडात घालून जीभ हलकेच मागे दाबत आणि म्हणत, “आता म्हण, बाळ.” पेन्सिलीला लाकडाची आणि दुसऱ्या मुलांच्या थुंकीची चव असे. दुसऱ्या वर्षी तो वर्गात पहिला आला. पाठांतराच्या तासाला शेजारचा वर्ण ‘ल’ला कसा गिळतो ते तो सगळ्यांपेक्षा चांगले करून दाखवी: लिहायचे अल्-शम्स, म्हणायचे अश्शम्स. ‘ल’ कागदावर असतो, दिसतो, पण तोंडातून जाताना पुढच्या अक्षराचा होऊन गेलेला असतो. गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “हा मुलगा कुठून आला ते आता ओळखून दाखवा,” ते वर्गाला म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याने आईला शिकवायला घेतले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रवा मळत होती. “म्हण, पाणी आलं.” ती म्हणाली, “पाणी आली.” “आलं!” “आली.” ती हसत होती, पोराचा खेळ आहे असे तिला वाटत होते. तो दहा वर्षांचा होता. वचनाची चूक जिभेवर बसलेली नसते हे त्याला कळायचे होते. त्याने ताटातला चमचा उचलला, तिच्या हनुवटीला हात लावला, आणि गुरुजी करीत तसेच, हलकेच, चमच्याचा दांडा तिच्या तोंडात घालून जीभ मागे दाबली. “आता म्हण.” तिला उमळून आले. डोळ्यांत पाणी आले. तिच्या हाताला रवा होता म्हणून तिने त्याला दूर सारलेही नाही. मग त्याने चमचा काढला, तिने तोंड खांद्याला पुसले आणि पुन्हा मळू लागली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी पाणी आले तेव्हा जिन्यात हाक आली नाही. टण, टण, टण, असा आवाज आला. येम्मा त्याच चमच्याने नळाच्या लोखंडी पाइपावर ठोकत होती, म्हणजे वर-खाली सगळ्यांना कळावे. पाइप सगळ्या मजल्यांतून जात होता. चोरी तिने तेव्हाही केली नाही. इमारतीलाही ते बरे वाटले. आवाज अधिक लांब जाई. आणि मोक्रान अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकत असे तेव्हा त्याला हायसे वाटे. रस्ता ओलांडताना, मासळीवाल्याच्या पेटीतून ओघळणारे गुलाबी पाणी चुकवताना, त्याला आज त्या हायसे वाटण्याचीच शिसारी आली. चमच्याची नव्हे. चमचा मुलाने घातला होता. ते हायसे वाटणे मात्र तो मुलगा नसतानाही, पुढे कितीतरी वर्षे, दर दिवसाआड टिकून राहिले होते.

तो ज्या कचेरीत भाषातपासनीस होता तेथे शालेय पुस्तकांची शेवटची वाचने होत. सध्या बारावीसाठी एका परिभाषाकोशाचे काम चालू होते. त्याच्या टेबलावर आज आलेल्या चिठ्ठीवर सात्मीकरणासाठीचा एकच परका शब्द होता आणि त्याचे तीन अर्थ द्यायचे होते: सजीवांमध्ये, ध्वनींमध्ये, समाजामध्ये. प्रत्येकाला एकेक उदाहरण. पहिला अर्थ त्याने सकाळी ऐकला होता तोच लिहिला. दुसऱ्या अर्थापुढे त्याने व्याकरणातला जुना अरबी शब्द लिहिला, ‘इद्गाम’, आणि सवयीने त्याची व्युत्पत्ती तपासायला जाडजूड कोश उघडला. ती त्याला विद्यार्थी असल्यापासून माहीत होती. पण माहीत असणे वेगळे. इद्गाम: घोड्याच्या तोंडात लगाम घालणे. त्यावरून, एक वर्ण दुसऱ्यात घालणे. छापील अक्षरे स्वच्छ होती. त्याच्या जिभेच्या मुळाशी लोखंडाची चव आली, आणि ती थुंकीबरोबर गिळली तरी गेली नाही.

त्याला त्याच वेळी आणखी एक उदाहरण सुचले, जे त्याने लिहिले नाही. पाण्याला येम्मा ‘अमान्’ म्हणे. ‘पाण्याचा घडा’ म्हणताना तेथे ‘न वामान्’ असे हवे; व्याकरणाच्या नव्या पुस्तकांत तसेच लिहितात. पण तिच्या गावी कोणीही तसे म्हणत नसे. ‘न’ आणि ‘व’ तोंडात एकत्र आले की दोघांचे मिळून ‘ब्ब’ होई: ‘ब्बामान्’. ओढ्यापलीकडच्या गावात ‘ग्गामान्’ म्हणत, आणि एवढ्यावरून लग्ने जुळत किंवा मोडत. यात कोणी कोणाला गिळत नव्हते. ‘न’ही उरत नसे आणि ‘व’ही, दोघे मिळून तिसरेच काहीतरी होत, फुगलेले, ओठ मिटून उघडणारे. त्याने टेबलावर वाकून, कोणाला दिसणार नाही असे, ओठ मिटले आणि तो उच्चार करून पाहिला. ओठ फुटले ते शहराच्या सपाट ‘ब’वर. पुन्हा केला. पुन्हा तेच. मागच्या टेबलावरचा सी लमीन, म्हणजे लमीनसाहेब, जो विभागाचा प्रमुख होता आणि ज्याला कोणाच्याही चिठ्ठीत डोकवायची सवय होती, खुर्ची सरकवून आला.

“तिसऱ्याला उदाहरण नाही सापडत?” तो म्हणाला. “अरे, त्यात काय. सी मोक्रानचा फोटो चिकटवा! कबाइली माणूस, आणि आम्हा अल्जीयर्सवाल्यांची अरबी सुधारतो. नाही का रे? आमच्या घरी आला होता तेव्हा आई विचारत होती, हा जुन्या कसब्याच्या कुठल्या गल्लीतला म्हणून!”

खोलीतली चारही माणसे हसली. ती कौतुकाने हसली. सी लमीनने हे कौतुक यापूर्वीही केले होते आणि मोक्रानने ते दर वेळी घेतले होते. आताही त्याच्या नाकातून एक लहानसा श्वास सुटला, ओठ वर सरकला. त्याने हे घडताना आतून पाहिले, जसे एखादा किडा स्वतःच्या बाहीतून बाहेर येताना पाहावा. हसणे संपेपर्यंत थांबावे लागले. मग त्याने चिठ्ठी उपडी ठेवली, हात धुवायला गेला, आणि आरशाकडे न बघता बराच वेळ हात धूत राहिला. दुपारी डब्यातले तळलेले सार्डिन मासे त्याने शेजाऱ्याला दिले.

तो घरी परतला तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीखालच्या पायरीवर, तसादित बसली होती. मांडीवर पावांची पिशवी, डोक्याला पिवळ्या कडेचा काळा रुमाल. दम लागला होता. त्याच वळणावरच्या भिंतीतली ती फट कोणीतरी कधीच सिमेंटने बुजवली होती. तो बाजूने जाऊ लागला तेव्हा तिने त्याच्याकडे मान वर करून पाहिले आणि कबाइलीत म्हणाली, “तू जेजिगाचा ना रे?”

त्याला सगळे समजले. समजण्यात एका क्षणाचाही वेळ गेला नाही. वेळ गेला तो उत्तराला. “हो, मावशी,” तो अरबीत म्हणाला.

“मावशी काय? न्ना म्हण, आपल्याकडे मोठ्या बाईला म्हणतात तसं. तुझ्या आईला मी बघितलंय लग्नाच्या आधी. आमचं गाव वरचं, तुमचं खालचं. तुमच्या झऱ्यावर यायचो आम्ही उन्हाळ्यात. तुमच्या बायका शिव्या द्यायच्या, पण पाण्याचा घडा भरू द्यायच्या.” ‘पाण्याचा घडा’ म्हणताना तिचे ओठ मिटले आणि फुगून उघडले. ‘ब्बामान्’. तो उच्चार त्याच्यासमोर, त्या भिंतीपाशी, काहीच न झाल्यासारखा निघून गेला. “ती कशी होती रे इथं? मजेत होती?”

“होती,” तो म्हणाला. “बारा वर्षं झाली जाऊन.”

“देव तिला शांती देवो.” तिने मांडीवरची पिशवी सावरली. मग हसली, वरचे दोन दात नव्हते. “तुझी लेक खमकी आहे हो. सकाळी मला चांगलं झापलं.”

“मी बोलतो तिच्याशी.”

“नको रे बाबा. खरंच म्हणत असेल पोरगी. इथं माणसंसुद्धा एकेकटी राहतात, मग पाण्याचं काय घेऊन बसलायस? एकटं राहत असेल तेही.” तिने पिशवीतल्या पावावरून हात फिरवला. “पण बलाइदला लागलं ते. ‘येम्मा, तू ओरडू नकोस, सगळे हसतात,’ म्हणाला. सकाळी टॅक्सी घेऊन गेला तो तोंडसुद्धा न धुता गेला. आता मी न सांगता कसं भरून घेऊ? ती चोरी झाली ना? म्हणून म्हटलं, तुला विचारावं. तू पुस्तकं नीट करतोस म्हणतात. मला तेवढं एक नीट करून दे. दोनच तर शब्द आहेत. बसते तुझ्यासमोर, रोज म्हणवून घे.”

आणि तिने, शिकायला तयार असलेल्या माणसासारखे, तोंड किंचित उघडले. म्हातारीचे तोंड: करड्या हिरड्या, कोपऱ्यात सुकलेली लाळ, आणि आत, दातांच्या मध्ये आपल्या जागी विसावलेली जीभ. मोक्रानच्या पोटातून काहीतरी वर चढले. ते तिच्या तोंडाबद्दल नव्हते, पण त्या क्षणी ते वेगळे करता येईना. आणि ते वेगळे करता येत नाही याचीही त्याला किळस आली. “बघू,” तो म्हणाला. “बघू, मावशी.” तिची पिशवी उचलून पाचव्या मजल्यावर पोचवण्याचेही त्याला सुचले नाही. तिसऱ्या मजल्यावर किल्ली कुलपात फिरवताना, ती खाली कठड्याला धरून उठत असल्याचा आवाज त्याने ऐकला.

निहाद तिथेच, त्याच टेबलाशी बसली होती. “सकाळी का हसलीस?” त्याने विचारले.

“गंमत हो बाबा. सगळेच हसले.” मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने पेन खाली ठेवले. “रागावलात? अहो, चुकीचं बोलत होती ती. तुम्हीच तर मला टीव्ही बघतानासुद्धा सुधारता. जेवताना सुधारता.”

“आजी तशीच बोलायची.”

“आजी?” निहादने भुवया उंचावल्या. ती खरोखरच गोंधळली होती. “आजी मुकी होती ना, बाबा?”

हसिबाने ओट्याशी पाठमोऱ्यानेच हातातले काम थांबवले. निहाद सहा वर्षांची असताना त्याची आई गेली होती. सहा वर्षे ती याच घरात, याच टेबलापाशी, नातीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचे केस विंचरीत, तिला रव्याची भाकरी मोडून भरवीत. नातीला तिची बोली येत नव्हती आणि तिने अरबी तोंडातून काढणे सोडले होते. मोक्रानला आठवले की तो स्वतः तिच्याशी अरबीत बोले आणि ती मानेने उत्तर देई, आणि ही त्याला दोघांतली समजूत वाटत असे. निहाद बोलत होती: “मला तर एवढंच आठवतं, ती पाइपावर चमच्यानं वाजवायची. बोलता येत नाही म्हणून. मी शाळेत निबंधात लिहिलं होतं ते. बाईंनी छान म्हणून शेरा दिला होता. तुम्हीच तपासला होता तो निबंध, बाबा.”

त्याने तपासला होता. त्याला तो निबंधही आता आठवला. दोन ठिकाणी त्याने स्वल्पविराम घातला होता. ‘माझी आजी मुकी होती’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, म्हणून त्याने ते राहू दिले होते.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी थोडे खाल्ले, आणि प्रत्येक घासाबरोबर त्याला तो घास पुढे काय होणार हे जाणवत राहिले: तुकडे, रस, रक्त, आणि मग मोक्रान. आपल्या आत गेलेले सगळे शेवटी आपण होते या विचाराने त्याने चमचा खाली ठेवला. कचेरीत चिठ्ठी उपडीच होती. तिसऱ्या अर्थापुढची जागा कोरी होती.

तिसऱ्या दिवशी पावणेसहाला नळ खोकला. मोक्रान उभा होता. गंजके पाणी बादलीत पडू लागले. हसिबाने गॅस पेटवला. निहाद वहीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत होती. जिना शांत होता. पाण्याच्या आवाजामागे तो जिन्याचा आवाज ऐकत राहिला. पाचव्या मजल्यावरून काहीच येत नव्हते, आणि त्याच्या छातीत, इतके सगळे होऊनही, ते जुने हायसे वाटणे हळूच हलले, पिंपाच्या तळाशी थर हलावा तसे. मग भिंतीतून आवाज आला.

टण. टण, टण.

निहादने डोके वर केले. “आजी,” ती झोपेतच म्हणाली, आणि मग पुरती जागी होऊन पाइपाकडे बघत राहिली.

वरचा ठोका एकसारखा नव्हता; नवखा होता. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. चमचाच असावा. मोक्रानने नळाखालून बादली काढली आणि तेथे काही न ठेवता पाणी वाहू दिले. हसिबा म्हणाली, “अहो, वाया जातंय.” तो दारापाशी गेला, दार उघडले, आणि पायात चपला नसताना जिन्यात येऊन कठड्याशी उभा राहिला. थंड फरशी तळव्यांना लागली. त्याने ओठ मिटले. आधी त्याला तिचीच बोली हवी होती. एक साधी हाक, न्ना म्हणून, आणि मग ते फुगलेले ‘ब्ब’. ओठ मिटले तसेच राहिले. ते त्याच्यात उरले नव्हते. ओढून आणले असते तर ते सोंग झाले असते. उरली होती ती फक्त चूक. ती मात्र त्याला, चाळीस वर्षांनी, अचूक येत होती.

“पाणी आली,” तो म्हणाला. मोठ्याने नव्हे. जिन्याची पोकळी तेवढ्यालाही पुरी होती. शब्द वर गेले आणि खालीही गेले.

टणटण थांबली.

“कोण ते?” खालून झुलिखामावशीचा आवाज आला.

“मी, मोक्रान. तिसऱ्यावरचा.”

“काय म्हणालास?”

“पाणी आली म्हणालो, मावशी. भरून घ्या.”

खाली कोणी हसले की नाही हे त्याने ऐकले नाही. वर एक दार उघडले, तेवढे ऐकले. तोंडात एक बेचव, परके काहीतरी राहिले होते, थुंकावे असे. ते त्याने थुंकले नाही. तो आत आला. निहाद नळापाशी उभी होती, रिकामा डबा छातीशी धरून, आणि त्याच्याकडे बघत होती.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “चुकलं तुमचं.”

“हो,” तो म्हणाला. पाण्याचा रंग निवळला होता. त्याने तिच्या हातातला डबा घेऊन नळाखाली सरकवला. “दुसरा आण. लवकर. पाणी जातील.”